अर्शदीप बैन्स : ॲबट्सफर्डची तीन वर्षे आणि व्हँकुव्हरच्या संघातील जागा

निळीरेषा (धागाकर्ता)

जून 2025 मध्ये ॲबट्सफर्ड कनक्स संघाने अंतिम मालिकेत शार्लट चेकर्सचा 4-2 असा पराभव करून आइस हॉकीतल्या अमेरिकन हॉकी लीगचा कॅल्डर चषक जिंकला. त्या संघातल्या एका खेळाडूविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी, असे अनेक दिवस वाटत होते. अर्शदीप बैन्स हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील सरे शहरात वाढलेला, पंजाबी कुटुंबातला डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेचा आक्रमक खेळाडू आहे. त्याचा जन्म जानेवारी 2001 मधला. त्याच्याविषयी जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा त्याच्या वंशाचा उल्लेख येतो, आणि तो यावाच, पण खेळाडू म्हणून तो कसा घडला याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

आइस हॉकी न पाहणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. एनएचएल ही सर्वोच्च लीग असून तिच्यात 32 संघ आहेत, आणि अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, तिच्या लगेच खाली आहे. एएचएलमध्येही 32 संघ असून प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी जोडलेला आहे; ॲबट्सफर्ड कनक्स हा एनएचएलमधल्या व्हँकुव्हर कनक्सशी जोडलेला आहे. वरच्या लीगमध्ये आज खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ 90 टक्के खेळाडू कधी ना कधी या लीगमधून गेलेले आहेत. म्हणून तिला ‘दुय्यम’ म्हणताना जपून म्हणावे, असे माझे मत आहे.

बैन्सची वाट सुरुवातीपासूनच आडवळणाची होती. रेड डिअर रेबेल्स या कनिष्ठ संघाकडून वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळताना त्याचे पहिल्या काही हंगामांतले आकडे डोळ्यांत भरणारे नव्हते. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, दरवर्षी दोनशेहून अधिक तरुण निवडले जातात. 2019, 2020 आणि 2021 या तीन वर्षांत मिळून सहाशेहून अधिक नावे पुकारली गेली आणि त्यांत त्याचे नाव नव्हते. 2021 चा महासाथीच्या काळातला तोकडा हंगाम रेड डिअरच्या खेळाडूंनी आपल्या रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) इमारतीतच मुक्काम करून पार पाडला. त्यानंतर 2021-22 मध्ये, म्हणजे कनिष्ठ हॉकीच्या वयोमर्यादेच्या अखेरच्या वर्षी, त्याने 68 सामन्यांत 43 गोल आणि 69 असिस्ट (गोल घडवणारे पास) मिळवून, म्हणजे दोन्हींची बेरीज असलेल्या 112 गुणांसह, संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. मार्च 2022 मध्ये व्हँकुव्हर कनक्सने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला.

येथून पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अखेरच्या वर्षी कनिष्ठ लीगमध्ये गुणांची रास घालणाऱ्या खेळाडूकडे निवड-निरीक्षक नेहमीच साशंकतेने पाहतात, कारण वीस-एकवीस वर्षांचा खेळाडू सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसमोर खेळत असतो. पक (खेळातली रबरी चकती) घेऊन वळायला मिळणारी जागा आणि विचार करायला मिळणारा वेळ, दोन्ही व्यावसायिक खेळात एकदम आटतात. ॲबट्सफर्डमधील पहिल्या हंगामात बैन्सने 66 सामन्यांत 38 गुण मिळवले. नवख्यासाठी ही कामगिरी समाधानकारक होती, पण तिच्यावरून कोणी त्याला वरच्या संघात धरले नसते. दुसऱ्या हंगामात, 2023-24 मध्ये, त्याने 59 सामन्यांत 16 गोल आणि 39 असिस्ट, म्हणजे 55 गुण मिळवले. फेब्रुवारी 2024 मध्ये सॅन होजे येथे झालेल्या एएचएलच्या ऑल-स्टार स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला त्याने कोलोरॅडोविरुद्ध एनएचएलमध्ये पदार्पण केले.

पहिल्या आणि दुसऱ्या हंगामातला फरक केवळ आत्मविश्वासाचा होता असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षी तो पक मिळाल्यावर थांबून पाहत असे, आणि तेवढ्यात बचावपटू त्याला कडेच्या बोर्डांवर दाबून टाकत असत. दुसऱ्या वर्षी पक पोहोचण्यापूर्वीच त्याने खांद्यावरून मागे नजर टाकलेली असे आणि पुढचा पास कोठे द्यायचा हे ठरलेले असे. 16 गोलांच्या तुलनेत 39 असिस्ट हा आकडा त्याचीच साक्ष देतो. व्हँकुव्हरने 2022 पासून आपले माजी खेळाडू डॅनियल आणि हेन्रिक सेडिन या जुळ्या भावंडांवर तरुण खेळाडूंच्या विकासाचे काम सोपवले आहे, आणि ते ॲबट्सफर्डच्या खेळाडूंबरोबर प्रत्यक्ष बर्फावर उतरून सराव घेतात. कडेला अंगावर प्रतिस्पर्धी घेऊन पक राखणे आणि मग जोडीदाराला मोकळे करणे हे तर सेडिन बंधूंचे आयुष्यभराचे शास्त्र होते. बैन्सच्या खेळात त्याची छाया मला स्पष्ट दिसते.

तरीही त्या हंगामात वरच्या संघात मिळालेल्या 8 सामन्यांत त्याला एकही गुण मिळाला नाही. पहिला गोल आला तो ऑक्टोबर 2024 मध्ये, पिट्सबर्गविरुद्ध. त्यानंतरही तो वर-खाली होत राहिला आणि 2024-25 चा हंगाम त्याने अखेरीस खालच्या संघाबरोबर चषक उंचावून संपवला. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, ॲबट्सफर्डमध्ये त्याला जे शिकवले गेले आणि व्हँकुव्हरमध्ये त्याच्याकडून जे मागितले गेले, ते एकच होते का?

सह्यकडा

लेख मनापासून आवडला. मी पुण्यात राहतो आणि हा खेळ केवळ संगणकाच्या पडद्यावर पाहिला आहे, तेव्हा प्रश्न प्राथमिक वाटल्यास सांभाळून घ्यावे. एएचएलचे स्थान आपल्याकडच्या रणजी करंडकासारखे समजावे का? सर्फराज खानने मुंबईसाठी हंगामामागून हंगाम धावा केल्या आणि कसोटी पदार्पणासाठी त्याला फेब्रुवारी 2024 पर्यंत थांबावे लागले. बैन्सचेही पदार्पण त्याच महिन्यातले असल्याचे वाचून मला ही तुलना सुचली. खालच्या पातळीवर सिद्ध होऊनही वर जागा मिळत नाही, हे दुःख दोन्हीकडे सारखेच दिसते.

निळीरेषा

सह्यकडा, प्रश्न अजिबात प्राथमिक नाही. पदार्पणाची वाट पाहण्याच्या बाबतीत तुलना लागू पडते, पण रचनेच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक आहे आणि बैन्सची गोष्ट समजण्यासाठी तो लक्षात घ्यावा लागतो.

मुंबईचा रणजी संघ हा मुंबई क्रिकेट संघटनेचा असतो. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक मुंबईच्या प्रशिक्षकाला ‘या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर खेळवून पाहा’ असा आदेश देऊ शकत नाही. एएचएलमध्ये नेमके हेच घडते. ॲबट्सफर्डचा संघ व्हँकुव्हरच्याच मालकीचा आहे, बहुतेक महत्त्वाच्या खेळाडूंचे करार व्हँकुव्हरशी आहेत, आणि कोणाला कोणत्या फळीत (आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या गटात), किती मिनिटे आणि कोणत्या कामासाठी खेळवायचे यावर वरच्या व्यवस्थापनाचे बारीक लक्ष असते. लीगचा नियमही विकासाच्याच बाजूचा आहे. सामन्यासाठी उतरणाऱ्या 18 स्केटरांपैकी, म्हणजे गोलरक्षक वगळता, किमान 13 जण ‘विकसनशील’ वर्गातले असावे लागतात. त्यांतल्या 12 जणांनी 260 किंवा त्याहून कमी आणि उरलेल्या एकाने 320 किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले असावेत, अशी अट आहे. त्यामुळे केवळ अनुभवी खेळाडू भरून चषक जिंकण्याचा मार्ग बंद होतो.

वेळापत्रकाचाही उल्लेख करायला हवा. एनएचएलमध्ये 2025-26 पर्यंत 82 सामने असत आणि हंगामाच्या मध्यावर सरावाला वेळच उरत नाही. एएचएलमध्ये 72 सामने असले तरी ते शुक्रवार ते रविवार या दिवसांत दाटीने ठेवले जातात, आणि आठवड्याच्या मधले दिवस सरावासाठी मोकळे राहतात. चुका दुरुस्त करण्यासाठी याहून चांगली सोय नाही. शिवाय 2021 पर्यंत व्हँकुव्हरचा एएचएल संघ न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका येथे, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाला होता. ॲबट्सफर्ड व्हँकुव्हरपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. सेडिन बंधू सकाळी निघून सरावाला पोहोचू शकतात, ते या अंतरामुळेच.

चौथी फळी

धागाकर्त्यांच्या निरीक्षणांविषयी आदर राखून काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवतो.

एएचएलमधील गुणांना वरच्या लीगच्या मापात बसवताना विश्लेषक ते निम्म्याहून कमीच धरतात. त्या हिशेबाने 59 सामन्यांतले 55 गुण म्हणजे वरच्या लीगच्या पूर्ण हंगामात तीस-पस्तीस गुणांच्या आसपासचा खेळाडू, आणि तेही त्याला तेवढीच मिनिटे, तेच जोडीदार आणि पॉवर प्लेवरची (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाची) तीच जागा मिळाली तर. प्रत्यक्षात बढती मिळालेल्या तरुणाला यांतले काहीच मिळत नाही. वरच्या दोन फळ्यांतील जागा लाखो डॉलरांच्या दीर्घ करारांनी आधीच भरलेल्या असतात. त्याच्या वाट्याला येते ती चौथी फळी, जिथे असिस्टपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूवर वेळेत जाऊन आदळणे, पक बाहेर काढणे आणि पुढच्या फळीसाठी बर्फ ‘कोरा’, म्हणजे आपल्या गोलला धोका नसलेला, सोडून बाकावर परतणे यांचे मोल अधिक असते. रिक टॉकेट 2023 च्या जानेवारीपासून 2025 च्या वसंत ऋतूपर्यंत व्हँकुव्हरचे मुख्य प्रशिक्षक होते, आणि कडेच्या झटापटी व फोरचेकिंग (प्रतिस्पर्ध्यावर त्याच्याच भागात दबाव आणणे) या बाबतीत त्यांचा आग्रह सर्वश्रुत होता.

म्हणून धागाकर्त्यांच्या अखेरच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही, दोन्ही एकच नव्हते’ असे आहे. ॲबट्सफर्डने बैन्सला पहिल्या फळीतला पासेस देणारा विंगर म्हणून वाढवले आणि व्हँकुव्हरने त्याच्याकडे चौथ्या फळीतला कष्टकरी म्हणून पाहिले. यात बैन्सचा दोष नाही. संघटनेने दुसऱ्या हंगामाच्या मध्यापासूनच त्याला खाली एक-एक महिना तिसऱ्या-चौथ्या फळीत, पॉवर प्लेशिवाय खेळवून पाहायला हवे होते. चाहत्यांना ते आवडले नसते आणि आकडे घसरले असते, पण वर जाण्यापूर्वी त्याला त्या कामाची सवय झाली असती. जो खेळाडू खाली अठरा मिनिटे खेळतो, त्याला वर आठ-नऊ मिनिटांत, बाकावर थंड पडून मग अचानक उठून परिणाम दाखवायचा असतो, आणि तेही एक शिकण्याचेच कौशल्य आहे.

मोगरा

मी सरेमध्येच राहते आणि माझा मुलगा येथल्या स्थानिक संघात खेळतो, त्यामुळे या धाग्याकडे मी आईच्या नजरेने पाहते आहे. आमच्या रिंकवर दक्षिण आशियाई मुलांची संख्या आता लक्षणीय आहे आणि ‘बैन्स आपल्याच गावचा’ हे वाक्य मराठी, गुजराती, तमिळ घरांतली मुलेही उच्चारतात. 2008 पासून येथे हॉकीचे सामने पंजाबी समालोचनासह प्रसारित होत आले आहेत. आजी-आजोबांसह सगळे घर सामना पाहू लागले, याचे मोठे श्रेय मी त्या समालोचनाला देईन.

मला धाग्यातल्या तीन ड्राफ्टच्या मुद्द्यावर थांबावेसे वाटते. येथे चौदा-पंधराव्या वर्षी कनिष्ठ लीगचे संघ मुलांची निवड करतात आणि अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट येतो. ज्या मुलाची शारीरिक वाढ उशिरा होते, त्याच्या घरी या तीन-चार वर्षांत किती ताण असतो हे बाहेरून कळणे कठीण आहे. प्रशिक्षण, साहित्य, प्रवास यांचा खर्च वाढत जातो आणि ‘आता अभ्यासाकडे वळ’ असे सांगणारे नातेवाईकही वाढत जातात. बैन्सच्या घरच्यांनी विसाव्या वर्षानंतरही मुलाला आणखी एक हंगाम कनिष्ठ हॉकीत खेळू दिले. 112 गुण त्यानंतरचे आहेत.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. पूर्वी जो मुलगा कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळला, त्याच्यासाठी अमेरिकेतील विद्यापीठ हॉकीचे दार बंद होत असे. तो निर्बंध नोव्हेंबर 2024 मधील निर्णयाने उठला आणि 2025-26 च्या हंगामापासून दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. बैन्सच्या परिस्थितीतल्या मुलापुढे, म्हणजे ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नाही आणि ज्याचे कनिष्ठ हॉकीचे वय संपत आले आहे, त्याच्यापुढे आता पदवी घेत आणखी तीन-चार वर्षे उत्तम दर्जाचा खेळ खेळण्याचा पर्याय आहे. जाणकारांना माझा प्रश्न असा की, उशिरा फुलणाऱ्या मुलासाठी एकविसाव्या वर्षी थेट एएचएल बरी की आधी विद्यापीठ? विद्यापीठ हॉकीत आठवड्याला साधारण दोनच सामने असतात आणि बाकी वेळ सराव व व्यायामासाठी मिळतो, हे मी ऐकून आहे.

उत्तरवारा

मोगराताई, आपल्या प्रश्नाचे एक उत्तर आणि चौथी फळी यांच्या मुद्द्याला एक प्रत्युत्तर, दोन्ही मला एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत दिसतात.

टायलर जॉन्सन हा वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा खेळाडू बैन्सच्याच कनिष्ठ लीगमध्ये खेळला. चणीने लहान असल्यामुळे त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नाही. त्यानेही वयोमर्यादेच्या अखेरच्या हंगामात, 2010-11 मध्ये, 53 गोलांसह 115 गुण मिळवले आणि एनएचएलच्या टँपा बे लायटनिंगने त्याला करारबद्ध केले. पुढच्या वर्षी तो नॉरफोक ॲडमिरल्स या एएचएल संघात होता. त्या संघाने सलग 28 सामने जिंकण्याचा विक्रम करून 2012 चा कॅल्डर चषक पटकावला. त्यानंतरच्या हंगामात सिरॅक्यूसकडून 37 गोल करून तो एएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2013-14 मध्ये टँपासाठी पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने 50 गुण मिळवले. पुढे दोन स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, त्याच्या नावावर लागले. चौथी फळी यांनी सुचवलेला ‘कष्टकऱ्याचा’ अभ्यासक्रम त्याला कोणी दिला नव्हता. तो खाली जे करत होता, तेच वर करत राहिला.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते प्रशिक्षकात. नॉरफोक आणि सिरॅक्यूस येथे त्याचे प्रशिक्षक जॉन कूपर होते, आणि मार्च 2013 मध्ये टँपाने कूपर यांनाच वर बोलावले. जॉन्सन, ऑंद्रेज पलाट आणि इतर तरुण जेव्हा वर गेले, तेव्हा बाकामागे उभा असलेला माणूस त्यांना दोन वर्षे ओळखत होता. कोणत्या चुकीनंतर यांना बसवायचे आणि कोणत्या चुकीनंतर लगेच पुन्हा बर्फावर पाठवायचे, हे त्या माणसाला सांगावे लागत नव्हते. नव्या खेळाडूसाठी हे अभय फार मोलाचे असते, कारण सर्जनशील पास देणारा खेळाडू चुका करणारच. एका चुकीवर मिनिटे कापली जातील या धास्तीने तो सुरक्षित खेळू लागला की त्याचे वेगळेपणच संपते.

बैन्सच्या बाबतीत उलट घडले. खाली पहिली दोन वर्षे जेरेमी कॉलिटन होते, 2024 मध्ये त्यांच्या जागी मॅनी मल्होत्रा आले. वर टॉकेट होते, ते 2025 मध्ये फिलाडेल्फियाला गेले आणि ॲडम फूट मुख्य प्रशिक्षक झाले. तीन वर्षांच्या काळात चार प्रशिक्षकांची चार मते त्याच्याविषयी बनली असतील. आकडे कितीही चांगले असले तरी प्रत्येक नव्या माणसापुढे त्याला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागली.

मोगराताईंच्या प्रश्नाबाबत माझे मत सावध आहे. शरीर भरायचे बाकी असेल तर विद्यापीठ बरे. शरीर तयार असेल आणि निर्णयाचा वेग वाढवायचा असेल, तर मोठ्या माणसांसमोर आठवड्याला तीन सामने खेळण्याला पर्याय नाही. बैन्स दुसऱ्या प्रकारात मोडत होता असे मला वाटते.

सह्यकडा

मॅनी मल्होत्रा हे नाव पाहून कुतूहल वाटले. हेही भारतीय वंशाचे का?

जुनी रिंक

होय. मल्होत्रा यांचे वडील भारतीय आणि आई फ्रेंच-कॅनेडियन. बैन्सच्या जडणघडणीत त्यांचे येणे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि वंशापेक्षा त्यांच्या स्वतःच्या अनुभवामुळे अधिक.

1998 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने मल्होत्रा यांना सातव्या क्रमांकावर निवडले आणि अठराव्या वर्षीच त्यांना वरच्या संघात ठेवले. त्या पहिल्या हंगामात 73 सामन्यांत त्यांना 16 गुण मिळाले. कनिष्ठ हॉकीत वर्चस्व गाजवण्याच्या वयात हा मुलगा मोजक्या मिनिटांवर बाकावर बसून होता. पुढच्या वर्षी त्यांची रवानगी वर-खाली होत राहिली आणि अखेरीस ते हार्टफर्डच्या संघाकडून 2000 चा कॅल्डर चषक जिंकले. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेले गोल त्यांच्या कारकिर्दीत कधीच आले नाहीत. त्यांनी फेसऑफ (खेळ सुरू करताना पक मिळवण्यासाठीची दोघांतली झटापट) आणि बचावात्मक खेळ यांत इतके प्रावीण्य मिळवले की ते एनएचएलमध्ये 991 सामने खेळले. म्हणजे बैन्सला तिसऱ्या वर्षी जो प्रशिक्षक मिळाला, तो स्वतः घाईने वर नेला गेलेला आणि नंतर आपली भूमिका पूर्णपणे बदलून टिकलेला माणूस होता. 2025 च्या विजयानंतर खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी कॅल्डर चषक जिंकणाऱ्यांत मल्होत्रा यांची गणना होते.

भूमिका बदलण्याचा विषय निघालाच आहे, तर रॉबिन बावा यांचे स्मरण येथे झाले पाहिजे. व्हँकुव्हर बेटावरच्या डंकन येथील बावा हे एनएचएलमध्ये खेळलेले पहिले भारतीय वंशाचे खेळाडू. 1989-90 च्या हंगामात वॉशिंग्टनकडून त्यांनी पदार्पण केले. कॅम्लूप्सच्या कनिष्ठ संघात ते भरघोस गोल करणारे विंगर होते, पण व्यावसायिक खेळात त्यांच्यावर हाणामारी करणाऱ्या खेळाडूची भूमिका आली. ती त्यांनी पार पाडली, प्रेक्षकांतून आणि प्रतिस्पर्ध्यांकडून येणारे वांशिक शिवीगाळीचे बोल सहन केले, आणि अनेक वर्षे खालच्या लीगमध्ये काढून एनएचएलमध्ये त्यांच्या वाट्याला 61 सामने आले. त्यांच्यानंतर मल्होत्रा, मग सरेचेच जुझार खैरा आणि त्यानंतर बैन्स अशी ही ओळ आहे. खैरा यांना 2012 मध्ये एडमंटनने तिसऱ्या फेरीत निवडले होते आणि तेही एएचएलमधून चौथ्या फळीतले भक्कम फॉरवर्ड म्हणूनच वर आले.

चौथी फळी यांचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर असेलही, पण हा इतिहास पाहता बैन्सने आपले पास देण्याचे कौशल्य सोडून केवळ आदळआपट करणारा खेळाडू व्हावे, असे माझ्या तोंडून निघणार नाही. बावांना ती निवड करण्याची मुभाच नव्हती.

चौथी फळी

जुनी रिंक, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि बावांविषयीची माहिती येथे दिल्याबद्दल आभार. माझे म्हणणे थोडे अधिक नेमके करतो. कौशल्य सोडावे असे मी म्हणत नाही. आजच्या चौथ्या फळीत बावांच्या काळातली हाणामारी जवळजवळ उरलेली नाही. तेथे आता वेग, आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचाव करण्याची क्षमता आणि कडेवरची झुंज लागते, आणि या तिन्ही गोष्टी पासिंगच्या आड येत नाहीत. मल्होत्रा यांच्या हाताखालच्या वर्षात बैन्स पक नसतानाही उपयोगी पडणारा खेळाडू झाला, हे मी प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) पाहिल्यानंतर मान्य करीन. टुसॉनपासून शार्लटपर्यंत पाच फेऱ्या आणि एकूण 24 सामने ही एएचएलची सगळ्यांत कठीण परीक्षा असते. तेथे लीनस कार्लसनने 26 गुण मिळवले आणि गोलरक्षक आर्तुर्स शिलोव्स सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, त्यामुळे बातम्यांत तीच नावे राहिली. बैन्सचे काम त्यांच्या सावलीत झाले, पण संघ जिंकत असताना त्याच्यावर प्रशिक्षकाचा विश्वास टिकून होता.

उत्तरवारा यांच्या जॉन्सनच्या उदाहरणावर मात्र एक आक्षेप आहे. 2013 च्या टँपाकडे तरुणांसाठी वरच्या फळ्यांत जागा मोकळी होती. 2023-24 मधील व्हँकुव्हर हा पॅसिफिक विभागात पहिला आलेला संघ होता. जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक नवख्याच्या चुका पोसत नाही, मग तो त्याला कितीही ओळखत असो.

निळीरेषा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेमुळे माझे मत बरेच पुढे सरकले आहे, ते मांडतो.

उत्तरवारा यांचा प्रशिक्षकाचा मुद्दा आणि चौथी फळी यांचा मोकळ्या जागेचा मुद्दा यांत मला विरोध दिसत नाही. 2024-25 मध्ये व्हँकुव्हर प्लेऑफपर्यंत पोहोचू शकले नाही आणि फूट हे आधीपासून टॉकेट यांचे सहायक असल्यामुळे त्यांनी बैन्सला सरावात आणि सामन्यांत जवळून पाहिलेले आहे. म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यात दोन्ही बाबी पूर्वीपेक्षा त्याच्या बाजूने झुकल्या आहेत.

तिसरी एक बाब या चर्चेत राहून गेली आहे, ती म्हणजे वेव्हर्सचा नियम. सुरुवातीची काही वर्षे संघ तरुण खेळाडूला हवे तेव्हा खाली पाठवू शकतो. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक सामने झाल्यानंतर मात्र त्याला खाली पाठवण्यापूर्वी चोवीस तास इतर 31 संघांपुढे ठेवावे लागते आणि त्यांतला कोणीही त्याला विनामूल्य उचलू शकतो. 2025 पर्यंत बैन्सला खाली पाठवणे व्हँकुव्हरसाठी निर्धोक होते. त्या वर्षी तीन वर्षांचा पहिला करार संपत असताना ही मुभाही संपत आली. त्यानंतर त्याला खाली पाठवण्याचा निर्णय म्हणजे त्याला गमावण्याची तयारी, असा अर्थ होईल, आणि त्यामुळे कागदावर पाठीमागे असलेला खेळाडूही हंगामापूर्वीच्या शिबिरात एकाएकी वरचढ ठरतो. खेळाडूसाठी पैशाचा फरकही लहान नाही, कारण वरच्या लीगचे किमान वेतन 2025-26 मध्ये वर्षाला 7,75,000 डॉलर होते आणि खालच्या लीगमध्ये बहुतेकांना त्याचा लहानसा अंशच मिळतो.

माझी इच्छा अशी होती की, सप्टेंबर 2025 च्या शिबिरापासून त्याला तिसऱ्या फळीत, पासला प्रतिसाद देऊन गोलसमोर जाणाऱ्या एखाद्या जोडीदाराबरोबर सलग दहा-बारा सामने मिळावेत. एक सामना खेळवून दोन सामने प्रेक्षागृहात बसवणे या पद्धतीने त्याची परीक्षा होत नाही, आणि तोवर वर मिळालेल्या संधी बहुतांशी अशाच तुटक होत्या. दहा-बारा सलग सामन्यांनंतर जे दिसेल त्यावर व्हँकुव्हरने निर्णय घ्यावा. तो प्रतिकूल असला तरी उरलेल्या 31 संघांपैकी एखाद्याला 112 आणि 55 हे आकडे नक्कीच आठवत असतील.

मोगराताई, आपल्या मुलाचे वय आणि तो कोणत्या जागी खेळतो हे सांगितल्यास उत्तरवारा आणि मी विद्यापीठाच्या पर्यायाविषयी अधिक नेमके लिहू. त्यासाठी वेगळा धागा काढावा, असे सुचवतो.